ठिणगी ते पहिले पाऊल

फेब्रुवारी २०१९च्या उत्तरार्धात कर्नाटकात दोन दिवसांच्या अंतराने दोन आगी भडकल्या. पहिली बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात. २१ फेब्रुवारीच्या सुमारास पेटलेले गवत पाहता पाहता गोपालस्वामी बेट्टाच्या उतारांपर्यंत पोहोचले आणि पुढचे चार-पाच दिवस जंगल धगधगत राहिले. दुसरी आग तिथून रस्त्याने दोनशेहून अधिक किलोमीटरांवर, बेंगळुरूच्या येलहंका हवाई तळापाशी लागली. तिथे ‘एअरो इंडिया’ हे विमानांचे भव्य प्रदर्शन भरले होते. २३ फेब्रुवारीला वाहनतळावरच्या वाळलेल्या गवताने पेट घेतला, वाऱ्याने ती आग पसरवली आणि सुमारे तीनशे मोटारींचा कोळसा झाला. जगभरातील विमानांच्या कसरती पाहायला आलेली गर्दी माना वर करून उभी होती. आग मात्र जमिनीवर, पायांपाशी लागली होती.

दोन्ही आगींचे इंधन एकच होते : उन्हाने वाळलेले गवत आणि त्यावरून वाहणारा वारा. येलहंक्याची आग हजारो डोळ्यांदेखत लागली, अग्निशमनाची व्यवस्था प्रदर्शनस्थळीच होती, तरीही तीनशे मोटारी वाचल्या नाहीत. बंदीपुरात तर डोळेही कमी आणि पायही कमी. वनकर्मचारी, रोजंदारीवरचे मजूर आणि स्वयंसेवक हिरव्या फांद्यांनी आग झोडपत राहिले. हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे पाण्याची बादली घेऊन मदतीला आली, ती २५ फेब्रुवारीला. वणवा शमला तेव्हा चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र होरपळले होते. देशाच्या विमाननिर्मितीची राजधानी इतक्या जवळ असताना, आणि त्याच आठवड्यात तिथे विमानांचा मेळा भरलेला असताना, आकाशातून मदत यायला चार दिवस लागले. त्या आठवड्यात विमानांची वानवा नव्हती. हातून निसटला तो वेळ.

हा योगायोग आज आठवण्याचे कारण असे की, वैमानिकाविना उडणारी विमाने वणवे शोधतील आणि विझवतीलही, हा विचार आता प्रयोगशाळेतून बाहेर पडून धोरणकर्त्यांच्या टेबलावर येऊ लागला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, संरक्षण संशोधन संघटनेची मानवरहित विमाने घडवणारी प्रयोगशाळा, इस्रोचे मुख्यालय, भारतीय विज्ञान संस्था आणि ड्रोन बनवणाऱ्या अनेक तरुण कंपन्या बेंगळुरूत एकवटल्या आहेत. त्यामुळे वणव्यांसाठी देशाला नेमके कोणते यंत्र हवे, हे या शहराला स्पष्ट शब्दांत सांगण्याची वेळ आली आहे. या स्तंभाचे म्हणणे असे : ठिणगी पडल्यापासून पहिला प्रशिक्षित माणूस तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ कमी करणे आणि त्या माणसाला सुखरूप घरी परत आणणे, ही या यंत्रांची पहिली दोन कामे असावीत. आकाशातून पाणी ओतण्याचा क्रम त्यानंतर येतो.

जगात काय चालले आहे, ते आधी पाहू. २०२३ मध्ये ‘एक्सप्राइझ’ या अमेरिकी प्रतिष्ठानाने वणव्यांसाठी एकूण १ कोटी १० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. तिच्या एका विभागात स्पर्धकांपुढे ठेवलेले आव्हान असे की, एक हजार चौरस किलोमीटरच्या टापूत लागलेली धोकादायक आग स्वयंचलित यंत्रणेने दहा मिनिटांत शोधावी आणि विझवावी. मात्र शेकोटीसारख्या निरुपद्रवी आगींनी फसू नये. २०२४ मध्ये ‘सिकोर्स्की’ आणि कॅलिफोर्नियातील ‘रेन’ या कंपन्यांनी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचे प्रात्यक्षिक केले. संगणकाच्या भरवशावर उडणाऱ्या त्या हेलिकॉप्टरने आग हेरली आणि बादलीतले पाणी तिच्यावर टाकले. ती आग गॅसवर पेटवलेल्या लहानशा कड्याची होती, हेही लक्षात ठेवावे. दिशा दिसते आहे. पल्ला अजून बराच आहे.

बंदीपूरचा विस्तार सुमारे ८७० चौरस किलोमीटर, म्हणजे त्या स्पर्धेच्या टापूशी मिळताजुळता. म्हणून परदेशातील यंत्र विकत आणून इथे उभे केले की काम भागेल, असा मोह होऊ शकतो. पण आपले वणवे वेगळे आहेत. कॅलिफोर्निया वा कॅनडातील सूचिपर्णी अरण्यांत आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते, घरे गिळते आणि कित्येक मजली ज्वाळांपुढे माणूस उभा राहू शकत नाही. मध्य आणि दक्षिण भारतातील पानगळीच्या जंगलांत आग बहुधा जमिनीलगत, पालापाचोळ्यातून आणि गवतातून सरकते. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात चार-सहा जणांची टोळी पोहोचली, तर झाडाच्या फांद्या आणि पाठीवरचा ब्लोअर एवढ्यावर ती आवरता येते. दोन-तीन तास उलटले, वारा सुटला, आग घाटाच्या चढाला लागली, की तीच आग शंभर माणसांनाही दाद देत नाही.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या नोंदींनुसार देशातील एक तृतीयांशाहून अधिक वनाच्छादन आगप्रवण आहे आणि अलीकडच्या वर्षांत प्रत्येक हंगामात दोन लाखांहून अधिक अग्निबिंदू उपग्रहांनी टिपले आहेत. यातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा साफ करताना, तेंदूपत्त्याला चांगली पालवी यावी म्हणून, नव्या चाऱ्यासाठी, बांध जाळताना, फेकलेल्या विडीतून, तर कधी वनखात्यावरच्या रागातून. कारणे इतकी विखुरलेली असताना ठिणगी कुठे पडेल हे आधी सांगता येत नाही. ती पडल्यावर किती लवकर कळेल, एवढेच यंत्रणेच्या हाती उरते.

आज ते कसे कळते? नासाच्या टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरचे मोडिस आणि त्यानंतरच्या उपग्रहांवरचे व्हिअर्स ही उपकरणे जमिनीवरची उष्णता टिपतात. मोडिसच्या चित्रातला एक ठिपका एक किलोमीटरचा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्रात ही माहिती उतरते, डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था ती वनांच्या नकाशावर ठेवते आणि संबंधित बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश जातो. राज्यांच्या दूरसंवेदन केंद्रांकडूनही अशाच सूचना निघतात. ही व्यवस्था २००४ पासून टप्प्याटप्प्याने उभी राहिली आणि तिने वनखात्याचे काम आमूलाग्र बदलले, हे मान्यच करायला हवे.

परंतु हे उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून ठरावीक वेळीच जातात. व्हिअर्सची फेरी दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. दुपारी तीनला, ऊन आणि वारा दोन्ही भरात असताना पेटलेली आग त्याच्या दृष्टीस पडते ती मध्यरात्रीनंतर. भूस्थिर कक्षेतील इन्सॅट-३डी मालिकेतला उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहतो खरा, पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा. त्यात लहान आग हरवून जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी इस्रोने ईओएस-०३ हा उपग्रह घडवला होता. देशावर सतत नजर ठेवणे आणि नैसर्गिक आपत्तींची त्वरित माहिती देणे हे त्याचे उद्दिष्ट होते. १२ ऑगस्ट २०२१ रोजी प्रक्षेपकाच्या क्रायोजेनिक टप्प्यात बिघाड झाला आणि तो कक्षेत पोहोचला नाही. दोन फेऱ्यांमधला आंधळा काळ तसाच राहिला. शिवाय संदेश निघाला तरी जंगलात मोबाइलची रेंज नसेल, तर तो वनरक्षकाला मिळतो तेव्हा आग डोंगरापलीकडे गेलेली असते.

हा आंधळा काळ भरून काढण्याचे तीन मार्ग आज दिसतात. पहिला जमिनीवरचा. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये उंच मनोऱ्यावर फिरता कॅमेरा बसवण्यात आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तो सुमारे १५ किलोमीटरपर्यंतचा धूर ओळखतो आणि काही मिनिटांत इशारा देतो, असे सांगण्यात आले आहे. दुसरा मार्ग खूप उंचावरचा. बेंगळुरूची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा सौरऊर्जेवर चालणारे, उपग्रहासारखे काम करणारे विमान विकसित करीत आहे. त्याच्या लहान प्रतिकृतीने फेब्रुवारी २०२४ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथे साडेआठ तासांचे उड्डाण केले. पूर्ण आकाराच्या विमानाने ९० दिवस आकाशात राहावे, असे उद्दिष्ट आहे. मार्च ते मे हा वणव्यांचा ऐन काळ जवळजवळ तेवढाच असतो.

तिसरा मार्ग या दोहोंमधला : वनपरिक्षेत्राच्या नाक्यावर ठेवलेले, उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले छोटे स्वयंचलित विमान. मनोऱ्याने धूर पाहिला किंवा उपग्रहाने ठिपका दाखवला, की ते स्वतःहून उडेल, जागा निश्चित करील आणि आगीचा काठ कुठे आहे, वारा कुठून वाहतो आहे, जवळची जाळरेषा आणि पाणवठा कुठे आहे, हे परिक्षेत्र अधिकाऱ्याला दाखवील. पानगळीमुळे याच दिवसांत झाडांचे छत्र विरळ झालेले असते, ही या यंत्राला अनुकूल गोष्ट. उन्हाने तापलेले खडक दुपारी त्याला चकवतात, ही प्रतिकूल. म्हणून संशयित जागी प्रत्यक्ष जाऊन खात्री करणारी नजर लागतेच, आणि ती माणसाआधी यंत्राने लावली तर माणसाचा एक निष्फळ हेलपाटा वाचतो. एकमेकांशी बोलणाऱ्या ड्रोनच्या थव्याने आगी कशा शोधाव्यात आणि आपसांत कशा वाटून घ्याव्यात, यावर भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन झाले आहे. उणीव आहे ती असे ज्ञान वनखात्याच्या रोजच्या कामाशी जोडणाऱ्या दुव्याची.

आता विझवण्याबद्दल. इथे साधा हिशेब मांडावा. हवाई दलाच्या एमआय-१७ला लटकणाऱ्या बादलीत साडेतीन हजार लिटरपर्यंत पाणी मावते. आपल्याकडे शेतात फवारणीसाठी जे ड्रोन आता गावोगाव दिसू लागले आहेत, त्यांची टाकी साधारण दहा लिटरची. एका बादलीची बरोबरी करायला त्यांना साडेतीनशे खेपा माराव्या लागतील, आणि प्रत्येक खेपेला बॅटरी बदलण्याचा घोर आहेच. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील सरिस्का, मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्य आणि एप्रिल २०२४ मध्ये नैनिताल येथील वणव्यांवर हेलिकॉप्टरे वापरावी लागली, ती माणसाचे पाय पोहोचत नाहीत अशा कड्यांसाठी. तिथे त्यांना पर्याय नव्हता. पण हेलिकॉप्टर येते तेव्हा वणवा मोठा झालेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार. उद्या मोठी स्वयंचलित हेलिकॉप्टरे आली, तरी त्यांना पाणी लागेल, इंधन लागेल, तळ लागेल, आणि हे सारे जंगलाजवळ नसेल तर तेच चार दिवस पुन्हा लागतील. म्हणून आपल्या परिस्थितीत लहान यंत्राचे खरे बळ त्याच्या टाकीत शोधू नये. ते त्याच्या डोळ्यांत आहे.

या डोळ्यांची किंमत लिटरमध्ये मोजता येणार नाही. ती माणसांच्या जिवांत मोजावी लागेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये बंदीपुरातच आग विझवताना एका तरुण वनरक्षकाचा मृत्यू झाला. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जीव गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूर येथे वनखात्याचे तीन पहारेकरी आगीने वेढले गेले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी त्याच दिवशी दगावले. धुरात उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे काय पेटले आहे, ते दिसत नाही. वारा फिरला की दोन-तीन मिनिटांत परतीची वाट बंद होते. त्याच्या डोक्यावर एक छोटे यंत्र घिरट्या घालत असेल आणि बिनतारी संचावर कुणी ‘डावीकडे उतरा, मागे आग आली आहे’ एवढेच सांगणार असेल, तर ते एक वाक्य साडेतीन हजार लिटर पाण्यापेक्षा मोलाचे आहे.

यंत्राची बाजू इतकी भक्कम असली तरी त्याच्या आगमनाने उभे राहणारे प्रश्न नजरेआड करता येत नाहीत. पहिला आकाशाच्या शिस्तीचा. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळचा वणवा विझवणाऱ्या कॅनडाच्या विमानाला एका हौशी माणसाचा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडले आणि ऐन संकटात ते विमान काही दिवस जमिनीवर राहिले. धूर, हेलिकॉप्टर, खासगी ड्रोन आणि सरकारी स्वयंचलित विमान एकाच दरीत शिरले, तर त्या आकाशाचा एकच कारभारी ठरलेला असावा लागतो. आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांनी परवान्यांचा गुंता बराच सोडवला. पण वणव्याच्या कामाला यंत्र नजरेच्या टप्प्यापलीकडे आणि प्रसंगी रात्री उडवावे लागते. त्यासाठीची परवानगी आग लागल्यावर मागत बसणे परवडणारे नाही. ती हंगामापुरती, आधीच, वनक्षेत्राच्या सीमेपुरती दिलेली असावी.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जो डोळा आग पाहतो, तो मोळी घेऊन जाणारी बाईही पाहतो. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वन्यजीवांसाठी लावलेले कॅमेरे आणि ड्रोन स्थानिक स्त्रियांवर पाळत ठेवण्यासाठी कसे वापरले गेले, हे केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडले. जंगल ही त्या स्त्रियांची बोलण्याची, गाण्याची, घरच्या जाचापासून चार घटका सुटण्याची जागा होती; कॅमेऱ्याच्या भीतीने त्यांचे बोलणे आणि गाणे बंद झाले. वणव्याची पहिली वर्दी आजही बहुतेक वेळा गुराखी, मोह वेचणारी बाई किंवा पाड्यावरचा पोरगा देतो. यंत्राने त्यांना आरोपी केले तर ही वर्दी बंद होईल, आणि मग कितीही ड्रोन उडवले तरी वनखाते आंधळेच राहील.

तिसरा प्रश्न आगीच्याच स्वभावाचा. प्रत्येक आग शत्रू नसते. अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये नियम केला होता की, दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. कित्येक दशके तो नियम निष्ठेने पाळला गेला. लहान आगी विझत गेल्या, अरण्यात जळाऊ काडीकचरा साचत गेला आणि आजच्या महाकाय वणव्यांना त्या धोरणानेही हातभार लावला, असे तिथलेच वनशास्त्रज्ञ सांगतात. आपल्याकडे बंदीपूरपासून जवळच असलेल्या बिळिगिरी रंगन डोंगरातील सोलिग आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीला पालापाचोळ्याला हलकी आग लावत. वन्यजीव कायद्याच्या काळात ती प्रथा थांबली. घाणेरीचे रान त्यानंतर माजले, असे सोलिग म्हणतात. घाणेरी आणि आग यांच्या नात्याचा अभ्यास बेंगळुरूच्या संशोधकांनी केला आहे. त्यातील प्रत्येक निष्कर्ष सर्वमान्य नसेल. पण दहा मिनिटांत आग विझवू शकणारे यंत्र हाती येणार असेल, तर कोणती आग विझवायची आणि कोणती जळू द्यायची, याचा निर्णय त्याआधी झालेला असावा. तो निर्णय यंत्राचा नाही. वनखात्याने आणि ग्रामसभेने मिळून घ्यायचा आहे.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो नेहमीच शेवटी विचारला जातो. ड्रोनचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. जाळरेषेचे उद्घाटन होत नाही. हिवाळा सरताना गवत कापून, जाळून, ती पट्टी स्वच्छ ठेवली नाही तर उन्हाळ्यात आग अडत नाही, हे प्रत्येक वनमजुराला ठाऊक असते. महाराष्ट्रात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. त्याआधी निधी हाती आला नाही, तर कामाचे दिवस हिशेब जुळवण्यात जातात. हंगामी अग्निरक्षक तीन-चार महिन्यांसाठी रोजावर येतो. त्याच्या पायात चांगला बूट असतो का, त्याचा विमा असतो का, मजुरी वेळेवर मिळते का, हे प्रश्न ड्रोनच्या निविदेत येत नाहीत. यंत्र आले म्हणून माणूस कमी केला, असा हिशेब कुणी मांडला, तर ठिणगी दिसेल लवकर. पण ती विझवायला कुणी नसेल.

केंद्राच्या वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन योजनेत खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्यांचा असतो. हिमालयीन आणि ईशान्येकडील राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० आहे. त्याशिवाय आपत्ती निवारणाच्या निधीतून १९ राज्यांतील १४४ जिल्ह्यांसाठी सुमारे ८१९ कोटी रुपयांचा कार्यक्रम आखण्यात आला आहे. हा पैसा कसा खर्च होतो, यावर पुढच्या दहा वर्षांचे वळण ठरेल. त्यासाठी काही गोष्टी आवर्जून सुचवाव्याशा वाटतात.

एक, देशभर एकदम खरेदी करू नये. दक्षिणेत बंदीपूर-नागरहोळे, महाराष्ट्रात मेळघाट आणि म्हादई-भीमगड-तिळारी हा गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र यांना जोडणारा वनपट्टा, अशा तीन ठिकाणी तीन हंगाम प्रयोग करावा. शेवटचा पट्टा मुद्दाम सुचवला आहे. आगीला राज्यांची सीमा कळत नाही. इशारे आणि अधिकार मात्र सीमेपाशी थांबतात. दोन, यशाची कसोटी उड्डाणांच्या संख्येवर न ठेवता एकाच आकड्यावर ठेवावी : ठिणगी ते पहिले पाऊल, किती मिनिटे? हा आकडा प्रत्येक परिक्षेत्राने हंगामाअखेर जाहीर करावा, यंत्र असलेल्या परिक्षेत्रानेही आणि नसलेल्यानेही. तीन, यंत्र चालवणारे हात शहरातून आणू नयेत. सोलिग, जेनू कुरुब, कोरकू, गोंड तरुण-तरुणींना हे काम शिकवावे. ज्याला डोंगराची प्रत्येक सोंड ठाऊक आहे, त्याच्या हाती नकाशा दिला तर तो यंत्राहून शहाणा ठरतो. चार, वणव्यासाठी टिपलेली दृश्ये चराई किंवा वनोपजाच्या खटल्यांत पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातील, असा लेखी नियम असावा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवावा. पाच, ड्रोनच्या प्रत्येक रुपयासोबत जाळरेषा, बूट, बिनतारी संच आणि विमा यांसाठीची तरतूद बांधलेली असावी. एक थांबली तर दुसरीही थांबेल, अशी.

यात बेंगळुरूचे काम काय? या शहराने आजवर प्रामुख्याने सीमेवर लढणाऱ्या सैनिकांसाठी आणि अवकाशासाठी यंत्रे घडवली. त्यांचे ग्राहक सामर्थ्यवान होते. काय हवे ते त्यांनी ठणकावून सांगितले. वनरक्षक असा ग्राहक नाही. त्याच्याकडे मागणीपत्र लिहिणारा विभाग नाही, खरेदीचा अंदाजपत्रकीय शीर्ष नाही. त्याला हवे असलेले यंत्र स्वस्त असावे, दुपारच्या वाऱ्यात टिकावे, रेंज नसतानाही बोलावे आणि बिघडले तर गुंडलुपेटच्या किंवा धारणीच्या दुकानात दुरुस्त व्हावे. आकाशात ९० दिवस राहणाऱ्या विमानाइतकेच हेही अवघड अभियांत्रिकी आहे. फक्त त्याला टाळ्या कमी मिळतात.

२०१९च्या त्या आठवड्यानंतर ‘एअरो इंडिया’ पुन्हा पुन्हा भरले आहे आणि पुढेही भरत राहील. दर दुसऱ्या फेब्रुवारीत येलहंक्याच्या आकाशात विमाने झेपावतात, आणि त्याच दिवसांत बंदीपूरचे गवत वाळून पिवळे पडते. पुढच्या प्रदर्शनात वणव्यासाठीचे स्वयंचलित विमान नक्की मांडलेले असेल. चकचकीत, दिव्यांच्या झोतात. त्याच्याभोवती जमणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याचा वेग आणि टाकीची क्षमता विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : दुपारी तीनला कुंदकेरेच्या उतारावर गवत पेटले, तर हे यंत्र माझ्या माणसाला किती मिनिटांत तिथे पोहोचवील, आणि संध्याकाळी त्याला घरी परत आणील का?

या प्रश्नाचे उत्तर ज्या यंत्रापाशी असेल, तेच विकत घ्यावे.